बॅटरी यानात नको, बैठकीत

मंडळी, टेबलावरची ही अंतराळयानांची छोटी मॉडेलं बघून बहुतेकांनी आल्या आल्या दिव्यांबद्दलच विचारलं. इतके बारीक दिवे कुठे मिळतात, कसे जोडतात, वगैरे. ते सांगतोच. पण माझं खरं भांडण बॅटरीशी आहे, आणि तेही आपल्या खान्देशच्या उन्हामुळे. थंड मुलखातले छंदी लोक बिनधास्त यानाच्या पोटात लिथियमची बॅटरी घालतात, झाकण चिकटवतात आणि मोकळे होतात. आपल्या भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत, काचेच्या कपाटात ठेवलेल्या यानाच्या पोटात तेव्हा काय भट्टी असेल? म्हणून माझं म्हणणं एवढंच की दिवे यानात ठेवा आणि बॅटरी बैठकीत, म्हणजे यान ज्या लाकडी ठोकळ्यावर उभं असतं त्यात. का, ते बोलता बोलता येईलच.

आधी मापाचं बघू. समजा यान १:१४४ प्रमाणात आहे. बाजारातला साधा गोल एलईडी ३ मिमीचा. त्याला १४४ ने गुणा, ४३२ मिमी होतात, म्हणजे जवळजवळ सुपाएवढा दिवा! इंजिनात तो शोभतो, खिडकीत नाही. खिडक्यांसाठी प्लॅस्टिकचा ऑप्टिकल फायबर घ्यायचा, पाव मिमी जाडीचा. तो त्या प्रमाणात साडेतीन सेंटिमीटरचा होतो आणि डोळ्याला पटतो. आत एकच पांढरा एलईडी, त्याच्या तोंडाशी वीस-पंचवीस तंतूंची जुडी, आणि प्रत्येक तंतू एका खिडकीत. तंतूचं टोक पेटत्या उदबत्तीजवळ न्यायचं, टेकवायचं मात्र नाही. टोक फुगून त्याचं बारीकसं भिंग होतं आणि उजेड बाजूंनाही फाकतो. भोकं पाडायला सराफ बाजारात सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात जा. अर्ध्या मिमीचं ड्रिल आणि ते हातात धरून फिरवायची मूठ तिथे मिळते. जळगाव सोन्याचं गाव आहे, त्याचा आपल्याला हा असा फायदा.

तंतू चिकटवताना फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद वापरू नका. त्याच्या वाफेने पारदर्शक भाग पांढुरके होतात आणि तंतू कडक होऊन मोडतो. पांढरा गोंद सावकाश वाळतो, पण काम नीट करतो.

रंगांचं बोलायचं तर डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. हा नियम समुद्रावरच्या जहाजांचा, तो विमानांनी उचलला आणि अंतराळयानांनीही. अपोलो यानाच्या सर्व्हिस मॉड्यूलवर, म्हणजे इंजिन असलेल्या मागच्या भागावर, लाल, हिरवे आणि पिवळट दिवे होते, दुसऱ्या यानातून बघणाऱ्याला हे यान कुठल्या बाजूने तोंड करून आहे ते कळावं म्हणून. डावं-उजवं हे यानात बसलेल्याचं, समोरून बघणाऱ्याचं नव्हे. प्रदर्शनांत निम्म्या यानांवर हे उलटं दिसतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, पण मला तिथून पुढे सरकवत नाही. इंजिनाच्या रंगात थोडा अभ्यास दाखवता येतो. आपल्या इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या बाजूचे दोन घन इंधनाचे बूस्टर पिवळसर पांढरे भगभगतात, तिथे वॉर्म व्हाइट एलईडी हवा. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरची चार इंजिनं दाखवायची असतील तर अगदी मंद ठेवा. निर्वातात ती ज्वाळा डोळ्याला जेमतेम दिसते. कल्पनेतल्या यानाला मात्र हवा तो रंग द्या, तिथे तुम्हीच मालक.

आता जोडणी. एलईडीला थेट बॅटरी लावायची नाही, मध्ये करंट आवरणारा रेझिस्टर हवाच. लाल एलईडी साधारण १.९ व्होल्ट घेतो, पांढरा आणि निळा ३ च्या आसपास. लिथियम सेल सरासरी ३.७ व्होल्ट देतो. वजाबाकी करा आणि हव्या त्या करंटने भागा. पांढऱ्यासाठी ०.७ भागिले ५ मिलीअँपिअर, म्हणजे १४० ओहम, बाजारात मिळतो १५०. लालसाठी ३६० निघतात, तिथे ३९० लावा. पाकिटावर २० मिलीअँपिअर लिहिलेलं असतं, त्याच्या नादी लागू नका. ५ पुष्कळ झाले. हिरव्याला तर १ सुद्धा चालतो, तो फार डोळ्यांत घुसतो.

इथे एक गंमत बघा. सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट असतो, तेव्हा या पांढऱ्यातून ८ मिलीअँपिअर जातात. सेल उतरत ३.३ वर आला की जेमतेम २. तेवढ्याच घसरणीत लाल मात्र ५.९ वरून ३.६ वर येतो, डोळ्याला फरकही जाणवत नाही. म्हणून रात्र सरता सरता यानाचं इंजिन मंदावतं, खिडक्या विझू लागतात आणि डाव्या बाजूचा लाल दिवा ठणठणीत जळत राहतो. असं दिसलं की चार्जिंगची वेळ झाली, वेगळा दर्शक लावायची गरज नाही.

जाता जाता सांगतो, पांढरा एलईडी हा खरं तर निळाच असतो, वर पिवळं फॉस्फर, म्हणजे निळा उजेड पिऊन पिवळा देणारी भुकटी, लिंपलेला. तो निळा साधायला इतकी वर्षं गेली की त्याबद्दल २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. लिथियम बॅटरीला रसायनशास्त्राचं नोबेल २०१९ मध्ये, तेही तिघांनाच. वीतभर यानात दोन नोबेलं बसतात.

तारेसाठी मोटार रिवायंडिंगवाल्याकडे जा. विहिरींच्या मोटारी जळतात म्हणून आपल्याकडे हे दुकान गावोगावी आहे. पंख्याच्या वाइंडिंगची ३६ गेजची तार मागा, जाडी ०.१९ मिमी. तुकडे बहुधा फुकट मिळतील. वरचा लाखेसारखा थर ब्लेडने खरवडला की सोल्डर धरतं, नुसती तापवून धरत नाही. दिवाळीच्या माळेतले दिवे तोडून घेणाऱ्यांना एकच सांगणं. थेट बोर्डात खुपसायच्या माळेत घरची वीज खेळते, ती चालू ठेवून तिला हात लावू नका. आणि १२ व्होल्टच्या पट्टीचा तुकडा कापून आणाल तर तो ३.७ वर पेटणार नाही, त्यात तीन-तीन एलईडी एकामागे एक जोडलेले असतात.

यान बंद करण्याआधी आतून काळा रंग द्या आणि त्यावर पांढरा. नाहीतर पातळ प्लॅस्टिकमधून उजेड झिरपतो आणि अख्खं यान आकाशकंदिलासारखं लुकलुकतं.

आता बॅटरी. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, हे सेल बनवणारेच सांगतात. शेंगदाण्याएवढे सेल यानात घालून त्यांना टीपी-४०५६ नावाचं स्वस्त चार्जिंग मॉड्यूल लावायची पद्धत आहे. मॉड्यूल चांगलं आहे. पण त्याच्या आयसीला, म्हणजे मधल्या काळ्या चिपला, तापमान कळण्यासाठी एक पाय दिलेला असतो आणि स्वस्त मॉड्यूलवर तो पाय सरळ ग्राउंडला जोडून टाकलेला असतो. म्हणजे बाहेर पौष आहे की वैशाख, त्याला पत्ताच नाही. दुसरं, हे मॉड्यूल आलं तसं वापरलं तर १ अँपिअरने चार्ज करतं. १०० मिलीअँपिअर-तासाच्या, म्हणजे १०० मिलीअँपिअर तासभर देणाऱ्या, सेलला हा दहापट मारा झाला. सेल फुगतो, पेटूही शकतो, आणि तो चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या आत आहे. यानातच बॅटरी हवी असा ज्यांचा हट्ट आहे, त्यांनी भिंगाखाली बघावं. आयसीशेजारी '१२२' लिहिलेला तिळाएवढा रेझिस्टर दिसेल, तो १.२ किलोओहमचा. तो काढून '१०३', म्हणजे १० किलोओहमचा बसवा. करंट १३० मिलीअँपिअरवर येतो. १०० च्या सेलला तोही काठावरचाच, तेव्हा सेल दीडशेच्या पुढचा घ्या.

बैठक घेतली की ही सगळी कटकट मिटते. लाकडी बैठकीत १८६५० नावाचा सेल आरामात बसतो, १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. २६०० मिलीअँपिअर-तासाचा सेल १ अँपिअर सहज पचवतो, मॉड्यूल आहे तसंच लावा. फक्त त्यावर संरक्षणाचा सर्किट असलेला प्रकार घ्या. यानाला उभं धरणारी पितळी नळी हीच ऋण तार, तिच्या आतून एक इन्सुलेटेड तार धन म्हणून वर न्या. खाली जुन्या अडॅप्टरची गोल पिन लावली की यान बैठकीवरून उचलून पुसताही येतं. लहान मुलांसाठी करत असाल तर लिथियम सोडा. एएए आकाराचे निकेलचे तीन रिचार्जेबल सेल घ्या, ३.६ व्होल्ट होतात आणि रेझिस्टर तेच चालतात. नाणेवजा सीआर-२०३२ रिचार्ज होत नाही, त्याला चार्जर लावू नका.

उन्हाळ्यात सेल बैठकीतून काढून निम्मा भरलेला ठेवा. धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं, थंड जुनं घर असेल तर त्याच्याइतकी चांगली जागा नाही. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लॅस्टिकमध्ये छापलेलं यानही तिथेच ठेवा. ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते.

मागून एका दादांनी विचारलंय, "गणपतीमा दहा दिन चाली का भाऊ?" हिशेब करू. सहा एलईडी, प्रत्येकी ५ मिलीअँपिअर, मिळून ३०. सेल २६०० चा. भागा, कागदावर ८६ तास. रोज संध्याकाळी सहा तास दिवे लावले तर दहा दिवसांचे ६० तास. एका चार्जिंगवर विसर्जन गाठता येईल, शेवटच्या दिवशी इंजिन थोडं फिकं दिसेल इतकंच. लुकलुकणारा दिवा हवा असेल तर दिवा चालू-बंद करणारा साधा ५५५ टायमर आयसी आणू नका, त्याला किमान साडेचार व्होल्ट लागतात. कमी व्होल्टवर चालणारा सीमॉस जातीचा ७५५५ मागा.

सोल्डर गन तापलीय. ज्यांना '१२२' काढून बघायचाय त्यांनी खुर्च्या पुढे घ्या, भिंग एकच आहे.