आपली करंजी यांच्याकडे कशी?

नमस्कार मंडळी.

आमच्यात चर्चच्या सभासदांना मिळून 'मंडळी' म्हणतात. त्यामुळे मेलबर्नला आल्या आल्या कुणीतरी म्हणालं, "रविवारी मंडळात या," तेव्हा मी बायबल आणि गायनाचं पुस्तक काखेत मारून निघालो होतो. हॉलवर पोचलो तर अळूवड्यांची रांग लागलेली. मीही लागलो. पुस्तक पिशवीत घातलं.

आज नाताळच्या खाण्याविषयी दहा मिनिटं बोला असं सांगितलंय. बोलतो. पण दिवाळीच्या कार्यक्रमापासून एक वाक्य कानात अडकलंय, ते आधी काढून टाकतो.

आमची धाकटी नऊ वर्षांची आहे, जन्म इथलाच. दिवाळीला याच हॉलमध्ये तिच्या ताटलीत चकली, चिवडा आणि एक करंजी आली. तिनं करंजीचा कोपरा तोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पप्पा, आपली नाताळची करंजी यांच्याकडे कशी?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. एका ताईंनी तिला जवळ घेतलं, अगदी मायेनं, आणि म्हणाल्या, "अगं राणी, करंजी आमचीच. तुमचा तो केक ना!"

गाडीत पोरगी गप्प. फ्रीवेला लागल्यावर मागून आवाज आला, "मग आपलं काय?"

मी घरी येऊन तणतणलो. लोकांना काही कळत नाही, अजून विचारतात तुम्ही मूळचे गोव्याचे का, वर म्हणतात तुमचं मराठी किती छान आहे. अहो, मी कोल्हापूरचा! आमच्या मराठीला आजवर कुणी छान म्हटलेलं नाही. आमच्याकडच्या पोरीसुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. तिचं माहेर नगरचं, ती आवाज चढवत नाही. एवढंच म्हणाली, "अकरा वर्षं डिसेंबरच्या मेळाव्याला तू काय नेतोयस?"

केक. तोही दुकानातला.

खरं आहे ते. पहिल्या वर्षी फोनवर कुणीतरी म्हणालं, "केक तुम्ही आणाल ना?" आणि मी हो म्हणालो. मग दरवर्षी म्हणत गेलो. घरी स्टीलचा डबा भरून करंज्या असायच्या आणि मी हातात खोकं घेऊन तुमच्या दारात. आता पोरीला कुणी केकवाली म्हटलं तर मी कुणावर चिडू?

कोल्हापुरात आमच्या घरी नाताळची सुरुवात नानकटाईनं व्हायची. रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घालून गल्लीतल्या बेकरीवर जायचं, नंबर लावायचा. भट्टीसमोर सगळ्यांचे पत्रे एकसारखेच दिसायचे, म्हणून ज्यानं त्यानं आपली खूण करायची. आमची खूण म्हणजे मधोमध एक चारोळी. दुसऱ्या कुणी चारोळी लावली की आईच्या कपाळाला आठी. डिसेंबरच्या थंडीत तूप थिजलेलं असायचं. ते परातीत तळहातानं पांढरं होईस्तोवर फेसायचं काम माझं, आणि पुढं दोन दिवस शाळेत हाताला वास. इथं नाताळ ऐन उन्हाळ्यात. पहिल्या वर्षी पातळ तुपातच पीठ भिजवलं. नानकटाई पसरून ट्रेभर एकच पापडी झाली. बायकोनं ती सुरीनं कापून चौकोनी नानकटाई म्हणून वाढली.

आणि करंजी. दिवाळीत आईनं ती कधीच केली नाही, कारण दिवाळीत शेजारून यायचीच. काकू क्रोशाचा रुमाल झाकून ताट आणायच्या. ते ताट रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. खरी परतफेड पंचवीस डिसेंबरच्या आत. तोवर गुऱ्हाळं पेटलेली, शाहूपुरीत नव्या गुळाच्या ढेपा उतरलेल्या. सुक्या खोबऱ्याचं निम्मं सारण साखरेचं, निम्मं गुळाचं. गुळाच्या आधी संपवायच्या, त्या मऊ पडतात. आईला कातण चालत नसे. "कातणीनं कापतात ती शंकरपाळी," म्हणायची. कडेला बोटानं मुरड, एकेक दुमड नखाएवढी. पहिला घाणा कॅरल गाणाऱ्या पोरांसाठी वेगळा काढायचा. ती रात्री दीड-दोनला ढोलकी घेऊन यायची. त्यांना चहा-करंजी दिल्याशिवाय घरातल्या कुणी तोंडात काही घालायचं नाही. पंचवीसला मात्र चर्चच्या भक्तीहून परत आलं की तांबडा आणि पांढरा. त्याबद्दल जास्त बोलत नाही, जेवण अजून व्हायचंय.

वाइल्डर साहेब, अमेरिकन मिशनरी, १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं चर्च आजही आहे. येताना त्यांनी पुष्कळ काही आणलं असेल, करंजी आणली नव्हती. ती ज्या घरांत होती तिथंच राहिली, घरं चर्चला जाऊ लागली एवढंच. साहेबांचा एक मुलगा, रॉबर्ट, १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. तो मोठा झाल्यावर अमेरिकेत त्याला कुणी विचारलं असेल का, तू मूळचा कुठला? हल्ली मला त्या पोराची आठवण येते. माझ्याही घरात तसंच एक आहे.

आता थोडं रागावतो, चालेल? आपल्या वर्षाच्या पत्रकात संक्रांत आहे, पाडवा आहे, गणपती आहेत, कोजागिरीसुद्धा आहे. डिसेंबरात मात्र 'वर्षअखेर स्नेहभोजन'. अहो, नाताळ म्हणा की! आमच्या लोकांनाही सांगतो. इथं चार मराठी ख्रिस्ती घरं आहेत, त्यातल्या दोघांना मी गेली पाच वर्षं 'या, या' म्हणतोय. ते म्हणतात, "तिथं आमचं काय काम?" बघा, प्रश्न तोच आहे, फक्त मोठ्या माणसांनी विचारलेला.

मागच्या आठवड्यात आईला व्हिडिओवर सगळं सांगितलं. म्हटलं, ती शहाणं काहीतरी बोलेल, मला भाषणाला शेवट मिळेल. तिनं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "मोहन कडकडीत घालणार आहेस ना?"

घातलं. काल रात्री एअर कंडिशनर सोळावर लावून आम्ही तिघं बसलो होतो. एकशे वीस करंज्या झाल्यात, त्यातल्या अकरा तळताना उकलल्या, त्या मी वळलेल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर डबा आहे आणि डब्यामागं धाकटी उभी आहे. गुळाच्या आधी घ्या. ती प्रत्येकाला विचारणार आहे, कशी झालीय. मीठमसाला न लावता सांगा. मुरड सुटली असेल तर तेही सांगा. फक्त "अगदी आमच्यासारखी झालीय" असं म्हणायच्या आधी जरा थांबा. परतताना गाडीत मला त्याचं उत्तर द्यावं लागेल, आणि आमचं घर चाळीस मिनिटांवर आहे.