वाऱ्यावर चालणारी शिल्पं: अलेक्झांडर कॉल्डर

नमस्कार मंडळी! आपल्यात इंजिनिअर भरपूर, म्हणून आज एका इंजिनिअरबद्दलच बोलते. अलेक्झांडर कॉल्डर, जन्म १८९८, फिलाडेल्फियाजवळचा. आजोबा शिल्पकार, वडील शिल्पकार, आई चित्रकार, आणि हा पोरगा गेला न्यू जर्सीतल्या होबोकनच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये मेकॅनिकल करायला, १९१९ ला डिग्री घेतली, मग इकडेतिकडे नोकऱ्या, अगदी जहाजाच्या बॉयलर रूममध्येसुद्धा, आणि शेवटी चित्रकला शिकायला न्यूयॉर्क, तिथून १९२६ ला पॅरिस. तिथे त्याने तार, बुचं, चिंध्या यांची अख्खी छोटी सर्कस बनवली आणि ती तो स्वतः जमिनीवर बसून हाताने चालवून दाखवायचा.

१९३० मध्ये तो मॉन्ड्रियान या डच चित्रकाराच्या स्टुडिओत गेला. भिंतीवर रंगीत चौकोन होते, याला वाटलं हे हलायला हवेत, तसं बोललाही, मॉन्ड्रियानला काही पटलं नाही. पण कॉल्डरच्या डोक्यातून ते गेलंच नाही. आधी मोटर लावून, हँडल फिरवून हलणारी शिल्पं केली, १९३१ मध्ये फ्रेंच कलाकार मार्सेल द्यूशाँने त्यांना 'मोबाइल' हे नाव दिलं. पण मोटरचं हलणं ठरलेलं, तेच तेच, म्हणून त्याने ते वाऱ्यावर सोपवलं, आणि शिकलेल्या इंजिनिअरने असा कंट्रोल सोडून द्यावा हेच मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

जमतं कसं हे? सुरुवात सगळ्यात लहान पत्र्यापासून. तारेच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला दुसरा, तोल साधला की तिथे कडी, ती कडी वरच्या तारेला, परत तोल. कावडच समजा, एकीला दुसरी लटकलेली, जड बाजू आखूड आणि हलकी लांब. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं मोबाइल तर ७६ फूट रुंद आहे आणि तेही हवेनेच फिरतं. ते टांगलं १९७७ ला, कॉल्डर १९७६ मध्येच गेला.

आपल्या देशातही आला होता तो, १९५५ मध्ये, अहमदाबादला साराभाईंकडे, तिथे राहून मोबाइल्स बनवले.

फिलाडेल्फियाला गेलात तर मुलांना आर्ट म्युझियममध्ये नक्की न्या. बाहेर पार्कवे रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला सिटी हॉलवर आजोबांनी केलेला विल्यम पेनचा, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या संस्थापकाचा पुतळा, वाटेत वडिलांचं कारंजं, आणि आत जिन्याच्या हॉलमध्ये नातवाचं 'घोस्ट' हे पांढरं मोबाइल. त्याच्याखाली दोन मिनिटं नुसतं उभं राहा, हळूच फिरायला लागतं.