सालीतले औषध आणि त्याची मात्रा

झाडाची साल वरून रखरखीत आणि निर्जीव दिसते. पण औषधासाठी वापरली जाते ती बहुतेक वेळा तिच्या आतली ओलसर, जिवंत साल. पानांत तयार झालेले अन्न याच थरातून मुळांकडे जाते. कीड, बुरशी आणि कुरतडणारे प्राणी यांचा मारा इथेच होत असल्याने कडू, तुरट आणि कित्येकदा विषारी द्रव्ये झाड सालीत साठवते. सालीचा गुण आणि तिचा अपाय हे दोन्ही याच साठ्यातून येतात, आणि कोणता वाट्याला येईल हे बरेचसे मात्रेवर ठरते.

इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने विलो या झाडाची सुमारे पौंडभर साल पिशवीत भरून पाव भाजण्याच्या भट्टीच्या बाहेरच्या अंगाला तीन महिन्यांहून अधिक काळ वाळवली, तिची पूड केली आणि थंडीतापाच्या सुमारे 50 रुग्णांना ती अल्प मात्रेपासून सुरुवात करून, परिणाम पाहत, जपून वाढवत दिली. हा अनुभव 1763 साली रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेपर्यंत पोहोचला. पुढे 1828 मध्ये योहान बुखनर यांनी या सालीतून सॅलिसिन हे द्रव्य वेगळे केले. शरीरात त्याचे सॅलिसिलिक आम्ल बनते, आणि 1897 मध्ये तयार झालेले अ‍ॅस्पिरिन त्याच कुळातले आहे.

विलोच्या सालीचा गुण केवळ ऐकीव नाही. कंबरदुखीच्या 210 रुग्णांवरील, 2000 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज 240 मिलिग्रॅम सॅलिसिन असलेला अर्क घेणाऱ्यांना औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक आराम पडला. मात्र ज्यांना अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा जठरात व्रण आहे, जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात किंवा ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांनी ही साल टाळलीच पाहिजे. ताप आलेल्या मुलांनाही ती देऊ नये, कारण सॅलिसिलेट गटातील, म्हणजे याच कुळातील, औषधांचा संबंध राय सिंड्रोम या मेंदू आणि यकृताच्या गंभीर आजाराशी आढळला आहे. झाडपाल्याने अपाय होत नाही, हा समज किती धोक्याचा आहे ते इथे दिसते.

दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातील सिंकोना झाडाच्या सालीने मलेरियाचे असंख्य रुग्ण वाचवले. पण एका झाडाच्या सालीत क्विनीन हे गुणकारी द्रव्य भरपूर, तर दुसऱ्याच्या सालीत नगण्य, अशी स्थिती होती. पेलेटिये आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी 1820 मध्ये क्विनीन वेगळे केल्यावरच मात्रा मोजून देणे शक्य झाले. ती मात्रा वाढली की कानांत गुणगुण सुरू होते, ऐकू कमी येते, दृष्टी अंधूक होते आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.

सर्वांच्या परिचयाची साल म्हणजे दालचिनी. सिलोन दालचिनीची कांडी जवळून पाहावी: कागदासारखे पातळ, ठिसूळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले दिसतात. कॅशिया या दुसऱ्या प्रकारच्या दालचिनीची कांडी मात्र जाड, टणक, एकपदरी आणि दोन्ही कडांनी आत वळलेली असते. कॅशियात कुमारिन हे नैसर्गिक द्रव्य पुष्कळ असते आणि संवेदनशील व्यक्तींच्या यकृताला त्याची बाधा होऊ शकते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने कुमारिनची दररोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 0.1 मिलिग्रॅम ठेवली आहे. 60 किलो वजनाच्या माणसाची ही मर्यादा कॅशियाची चमचाभर पूड रोज घेतल्यास सहज ओलांडली जाऊ शकते. पूड झाल्यावर दोन्हींतला फरक डोळ्यांनी ओळखणे कठीण, त्यामुळे रोज घ्यायची असेल तर अखंड कांडी पाहून घेणे बरे.

पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतून मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी शोधलेल्या पॅक्लिटॅक्सेलची रचना 1971 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि आज ते कर्करोगावरील महत्त्वाचे औषध आहे. पण ते शुद्ध करून, वैद्यकीय देखरेखीखाली शिरेतून दिले जाते. यू वृक्षातच हृदय बंद पाडू शकणारी टॅक्सिन ही विषद्रव्येही असतात, त्यामुळे त्याच्या सालीचा काढा कधीही घेऊ नये.

साल काढताना झाडाचाही विचार करावा लागतो. खोडाभोवती पूर्ण वलयाकार साल सोलली की मुळांचे अन्न तुटते आणि झाड मरते. प्रोस्टेटच्या तक्रारींसाठी आफ्रिकन चेरीची साल इतकी ओरबाडली गेली की 1995 पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, धोक्यातील वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे. खोडाच्या समोरासमोरच्या बाजूंचे उभे पट्टेच काढले आणि मधली साल शाबूत ठेवली, तर हे झाड तग धरू शकते आणि सोललेल्या जागी नवी साल धरते.