कापडी छताचा भाव

नमस्कार श्रोतेहो. जानेवारी लागला की अमेरिकेत दोन मोठे लिलाव भरतात. फ्लोरिडातल्या किसिमीला मीकम या लिलाव कंपनीचा आणि अॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सन या दुसऱ्या कंपनीचा. तिथं गर्दी खेचतात त्या मसल कार. 1964 ते 1971-72 या काळात मध्यम किंवा लहान आकाराच्या गाडीत दांडगं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवून विकलेल्या या गाड्या. त्यातही कापडी छताच्या, म्हणजे कन्व्हर्टिबल गाड्यांचे आकडे ऐकून डोळे पांढरे होतात.

2014 साली सिअॅटलच्या लिलावात 1971 ची प्लिमथ हेमी कुडा (म्हणजे हेमी इंजिनाची बाराकूडा) कन्व्हर्टिबल 35 लाख डॉलरला गेली. 2021 मध्ये तशाच एका गाडीवर बोली 48 लाखांपर्यंत चढली, पण मालकानं गाडी दिली नाही. हा 48 लाखांचा आकडा लोक आजही भाव म्हणून सांगतात. तो भाव नव्हे. मालकानं आधी ठरवलेली किमान, म्हणजे राखीव किंमत गाठली नाही तर हातोडा पडत नाही, आणि न पडलेल्या हातोड्याचा आकडा फार तर अंदाजाला घ्यावा. भाव काढायचा तर विकल्या गेलेल्या गाड्याच मोजायच्या.

हे दाम येतं कुठून? हेमी म्हणजे 426 घनइंचाचं, जवळपास सात लिटरचं इंजिन. 1970 मध्ये साधारण साडेतीन हजार डॉलरच्या गाडीवर ते घ्यायचं तर वर आणखी 871 डॉलर मोजावे लागत. तरुण गिऱ्हाइकाला विम्याचा हप्ता जड जाई तो वेगळाच. शिवाय ज्याला शर्यत लावायची तो पत्र्याच्या छताची गाडी घेई, कारण ती हलकी आणि जास्त ताठ. म्हणून 1970 च्या हेमी कुडा पत्र्याच्या छतात 652 निघाल्या आणि कापडी छतात फक्त 14. पुढच्या वर्षी कापडी छताच्या 11. पॉन्टिअॅक जीटीओ या गाडीच्या जज नावाच्या खास आवृत्तीचंही तेच: 1969 मध्ये 6,725 बंद आणि 108 उघड्या, 1971 मध्ये उघड्या अवघ्या 17. पण कमी बनली म्हणून महाग, हे अर्धंच खरं. सहा सिलिंडरच्या बाराकूडा कन्व्हर्टिबलही काही ढिगानं बनल्या नव्हत्या. त्यांना हेमीच्या भावाचा वासही लागत नाही. दाम इंजिन आणि छत या जोडीला आहे. जजमध्येसुद्धा रॅम एअर फोर या दांडग्या इंजिनाची 1970 ची कन्व्हर्टिबल 2023 ला किसिमीत 11 लाख डॉलरला गेली ती त्याच जोडीमुळे.

जिथं एवढा पैसा, तिथं बनावट आलीच. प्लिमथ ही क्रायसलर कंपनीची, आणि क्रायसलरच्या गाड्यांत निदान गाडीचा नंबर बोलतो. डॅशबोर्डवर, काचेतून दिसेल असा, बीएस 27 आर 1 बी अशी सुरुवात असलेला नंबर असतो. त्यात 27 म्हणजे कन्व्हर्टिबल (बंद गाडीला 23), आर म्हणजे 426 हेमी, 1 म्हणजे 1971 आणि शेवटचा बी म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. इंजिनाशेजारच्या आतल्या मडगार्डवरच्या पट्टीवर ई 74 हा हेमीचा कोड जुळला पाहिजे. पॉन्टिअॅकचा नंबर 24267 ने सुरू झाला तर गाडी जीटीओ कन्व्हर्टिबल आहे एवढंच कळतं. ती जज आहे का, ते त्यात लिहिलेलं नसतं. त्यासाठी कारखान्याच्या बिलाची नक्कल मागवायची.

सगळ्यात फसवी शेव्हरोले शेव्हेल. 1970 च्या शेव्हेल कन्व्हर्टिबलचा 13667 हा नंबर साध्या 307 घनइंची इंजिनाच्या मालिबू शेव्हेलला आणि 450 अश्वशक्तीच्या एलएस-6 इंजिनाच्या शेव्हेलला, दोघींनाही सारखाच. मग इंजिन बघायचं. पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडच्या अगदी पुढं, ब्लॉकवर बोटभर सपाट जागा असते. तिथं सीआरव्ही (हाताचा गिअर) किंवा सीआरआर (ऑटोमॅटिक) ही अक्षरं आणि गाडीच्या नंबरचा तुकडा ठोकलेला असतो. टॉर्च तिरका धरा. कारखान्याच्या कापणीच्या बारीक रेषा पुढून मागं सरळ जाताना दिसतात. त्या जागी गुळगुळीत किंवा गोल वळणाच्या रेषा दिसल्या तर ती जागा घासलेली आहे, आणि अक्षरं मागाहून ठोकलेली असू शकतात. इंजिन दुरुस्तीत ब्लॉक प्रामाणिकपणे घासला तरी या रेषा जातात, म्हणून कागद हवाच. कारखान्याची बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याचा कागद, बहुधा पेट्रोल टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत सापडते.

बंद गाडीचं छत कापून बनवलेली नकली कन्व्हर्टिबल खालून ओळखावी. छत गेलं की गाडीची ताठरता जाते, म्हणून शेव्हेल कन्व्हर्टिबलच्या चेसिसच्या बाजूच्या दांड्या चारही बाजूंनी बंद, पेटीसारख्या असतात. तिथं उघडी, इंग्रजी सी अक्षरासारखी दांडी दिसली की दुसरं काही बघायची गरज नाही. कुडाला वेगळी चेसिसच नाही. तिथं दाराखालची पोकळ पेटी हाच कणा. कापडातून आणि मागच्या छत घडी करून ठेवण्याच्या खळग्यातून पाणी झिरपतं, गालिच्याखाली साचतं आणि ही पेटी आतून गंजते. वरून रंग चकाचक.

लिलावाच्या मांडवात जॅक लावू देत नाहीत, दार मात्र उघडू देतात. दार थोडं उघडून टोकाला धरून उचला. वरखाली हललं तर बिजागरीच्या पिना झिजल्यात, खर्च किरकोळ. हललं नाही, आणि तरी दाराच्या मागच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसली, तर गाडी मध्ये खचलीय. त्या दुरुस्तीचा खर्च बोलीच्या आधीच वजा करायचा. आणि हातोड्याच्या आकड्यावर खरेदीदाराला आणखी साधारण 10 टक्के द्यावे लागतात, हेही धरायचं: दोन लाखांची बोली म्हणजे दोन लाख वीस हजार, कर आणि वाहतूक वेगळी.