शंभर टक्के ब्लॉकेज: तार पलीकडे गेल्यानंतरची वर्षं

(दृश्य: हर्णै बंदर, संध्याकाळचा मासळी लिलाव)

म्हावऱ्याची टोपली घेऊन चढ चढताना छातीत दाटतं, थांबलं की दोन-चार मिनिटांत सुटतं. ‘गॅस झालाय’ म्हणत माणसं महिनोन्‌महिने काढतात. मग अँजिओग्राफीत दिसतं, हृदयाची एक रक्तवाहिनी शंभर टक्के बंद आहे. तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ अशी बंद असलेल्या वाहिनीला डॉक्टर सीटीओ (क्रॉनिक टोटल ऑक्लुजन) म्हणतात.

वाहिनी बंद, तरी माणूस चालता-बोलता कसा? शेजारच्या वाहिन्यांचे बारीक फाटे हळूहळू रुंदावतात आणि मागच्या बाजूने रक्त पोचवतात. बसल्या जागी ते पुरतं, पाखाडी चढताना कमी पडतं.

म्हणूनच सीटीओसाठी रातोरात आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायची घाई नसते. मुंबई, कोल्हापूर की गोव्यातलं बांबोळी, हे चौकशी करून ठरवावं. तिथल्या डॉक्टरांनी अशा किती केसेस केल्या आहेत, हे विचारायला संकोच नको. विश्रांती घेऊनही न थांबणारं दुखणं मात्र हार्ट अटॅक असू शकतं. तिथे क्षणही दवडायचा नाही.

(दृश्य: कॅथलॅब, पडद्यावर दोन वाहिन्या एकाच वेळी रंगतात)

साध्या अँजिओप्लास्टीत, म्हणजे वाहिनी आतून उघडायच्या प्रक्रियेत, एक कॅथेटर (बारीक नळी) पुरतो, इथे बहुधा दोन लागतात. दोन्ही बाजूंनी रंगद्रव्य सोडलं की अडथळ्याची लांबी कळते. २० मिलिमीटरपेक्षा लांब, कॅल्शियम साचलेला, वळणावरचा किंवा बोथट तोंडाचा अडथळा अवघड. आधीचा प्रयत्न फसलेला असेल तर आणखी अवघड.

अडथळ्यातून पलीकडे न्यायची तार ०.०१४ इंच जाडीची, म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकी. ती मायक्रोकॅथेटरच्या (आणखी बारीक नळीच्या) आधाराने पुढे सरकवतात. कधी ती वाहिनीच्या भिंतीच्या थरांत शिरते आणि पुढे जाऊन पुन्हा आत आणावी लागते. कधी त्याच बारीक फाट्यांतून तार उलट्या दिशेने आणतात. वाट मिळाली की फुगा, मग औषधी स्टेंट (वाहिनी उघडी धरणारी, औषध लावलेली जाळी).

वाहिनीला छिद्र पडून हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचलं, तर सुईने ते तातडीने काढावं लागतं. रंगद्रव्याचा ताण मूत्रपिंडावर येतो. मधुमेह असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) आधी तपासायलाच हवं. क्ष-किरणांची मात्रा ५ ग्रेच्या (हे किरणांचं माप) वर गेली असेल, तर पुढचे काही आठवडे पाठीवर लाल चट्टा उठतो का, हे घरच्यांनी बघावं.

आता मूळ प्रश्न: याने आयुष्य वाढतं का? यशस्वी झालेले रुग्ण जास्त जगले, असं जुन्या नोंदी दाखवतात. पण ज्यांची वाहिनी उघडता आली नाही, ते मुळातच जास्त आजारी असत. ही तुलना फसवी आहे. २०१९ च्या डिसिजन-सीटीओ चाचणीत आठशेहून अधिक रुग्ण होते, एका गटाला अँजिओप्लास्टी आणि औषधं, दुसऱ्याला केवळ औषधं. सुमारे चार वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा पुन्हा प्रक्रिया, यांचं एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत २२ टक्क्यांच्या आसपास राहिलं. चाचणी मात्र लवकर थांबवावी लागली, आणि केवळ औषधांच्या गटातल्या सुमारे पाचव्या हिश्शाने पुढे अँजिओप्लास्टी करून घेतली. युरो-सीटीओ चाचणीत ३९६ रुग्ण होते. तिथे वर्षभरानंतर अँजिओप्लास्टी झालेल्यांना छातीत दुखणं कमी होतं आणि रोजची हालचाल सोपी झाली होती.

तेव्हा आधी औषधं पुरेशा मात्रेत घ्यावीत. तरीही चढ झेपत नसेल आणि हृदयाच्या त्या भागाचा स्नायू जिवंत असेल, तर ही प्रक्रिया खरंच उपयोगाची. ‘ब्लॉकेज दिसलं म्हणून’ हे कारण पुरेसं नाही.

(दृश्य: होडीवर चढवलं जाणारं सामान)

नंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, या गुठळी रोखणाऱ्या गोळ्या, सहसा किमान सहा महिने. आठवडाभर समुद्रात जाणाऱ्या खलाशाने गोळ्या दोन-चार दिवस जास्तीच्याच न्याव्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत. कोयतीचा घाव लागला तर रक्त थांबायला वेळ लागेल, दाबून धरावं. दात काढायचा म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. आणि चढावर पुन्हा तसंच दाटू लागलं, तर स्टेंटच्या जागी वाहिनी परत अरुंद झाली असेल. जुनी अँजिओग्राफीची सीडी घेऊन त्याच डॉक्टरांकडे जावं.