वारसा आणि कन्स्ट्रक्टर

(दृश्य : सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. रात्र. शटरमागून यंत्रमागांची खडखड.)

खाली टॉवेल विणले जायचे. वरच्या मजल्यावर आम्ही त्याच टॉवेलांच्या ऑर्डरींचं सॉफ्टवेअर लिहायचो, एएसपी डॉट नेट कोअर या मायक्रोसॉफ्टच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, सी शार्प भाषेत. सूत, डाईंग, डिस्पॅच, प्रत्येकाला वेगळा कंट्रोलर, म्हणजे आलेली वेब रिक्वेस्ट हाताळणारा क्लास (कोडचा साचा), आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक बेस कंट्रोलर, ज्याचा वारसा बाकीचे घेतात.

खालचा माग स्वतः सूत कातत बसत नाही. बीम बाहेरून भरून येतं. कंट्रोलरलाही लागेल ती वस्तू कंटेनरने, म्हणजे वस्तू बनवून पुरवणाऱ्या फ्रेमवर्कच्या भागाने, आणून द्यायची. याला डिपेंडन्सी इंजेक्शन हे नाव २००४ साली मार्टिन फाउलर यांच्या लेखामुळे रूढ झालं.

बेस क्लासमधल्या मेथड, म्हणजे त्याला येणारी कामं, खालच्या क्लासला आयत्या मिळतात. सी शार्पमध्ये कन्स्ट्रक्टर, म्हणजे क्लासपासून वस्तू उभी करताना चालणारा कोड, मात्र वारशात येत नाही. बेसने लॉगर (नोंदी लिहिणारी वस्तू) मागितला, की खालच्या प्रत्येकाने तो आधी स्वतः मागायचा आणि वर पोचवायचा. स्वतःला उपयोग असो नसो. २०२३च्या सी शार्प १२मध्ये हे लिहिणं आटोपशीर झालं, पण हमाली चुकली नाही.

(दृश्य : स्क्रीनवर लाल रेघा.)

एका शुक्रवारी मालक म्हणाले, दर कोणी बदलला याची नोंद पाहिजे. मी बेसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ऑडिट सर्व्हिस वाढवली. बिल्ड केलं, तर २४ एरर. जेवढे कंट्रोलर, तेवढे!

शेजारची ज्युनिअर म्हणाली, "दादा, कन्स्ट्रक्टरमध्ये मागायचंच कशाला? रिक्वेस्ट सर्व्हिसेसमधून लागेल तेव्हा उचलू की."

उचललं, म्हणजे चालू रिक्वेस्टला जोडलेल्या कंटेनरकडून आयत्या वेळी मागून घेतलं. लाल रेघा गेल्या, आम्ही खाली जाऊन चहा मारून आलो.

सोमवारी टेस्ट लिहायला बसलो. कंट्रोलर उभा केला, मेथड बोलावली आणि नल रेफरन्स, म्हणजे जागेवर वस्तूच नसल्याची एरर. टेस्टमध्ये चालू वेब रिक्वेस्टची माहिती धरणारा एचटीटीपी कॉन्टेक्स्टच नव्हता, मग सर्व्हिसेस कुठून येणार? कन्स्ट्रक्टर तर कोरा, कशाची गरज आहे हे त्याच्याकडे बघून कळेना. या उचलेगिरीला सर्व्हिस लोकेटर म्हणतात. कन्स्ट्रक्टर वाचला की क्लासच्या गरजा समजाव्यात, हीच तर इंजेक्शनची खरी सोय, आणि ती आम्हीच घालवली होती. मला विचाराल तर ते २४ एरर जास्त प्रामाणिक होते.

शेवटी ऑडिट बेसमधून काढून ॲक्शन फिल्टरमध्ये, म्हणजे कंट्रोलरच्या मेथडच्या आधी-नंतर चालणाऱ्या कोडमध्ये, नेलं. फिल्टरला ऑडिट सर्व्हिस त्याच्या कन्स्ट्रक्टरमधून कंटेनरच देतो. प्रोग्राम फाइलमध्ये नोंद एकदाच. तिथेही मी सर्व्हिस सिंगलटन म्हणून नोंदवली, म्हणजे अख्ख्या ॲपला एकच. आत डेटाबेसशी बोलणारा डीबी कॉन्टेक्स्ट, तो स्कोप्ड, म्हणजे दर रिक्वेस्टला नवा. जास्त जगणाऱ्याने कमी जगणाऱ्याला धरून ठेवणं चालत नाही, म्हणून डेव्हलपमेंट मोडमध्ये ॲप सुरूच होईना. ज्युनिअरने एक शब्द बदलला, सिंगलटनच्या जागी स्कोप्ड, आणि काही न बोलता खुर्ची मागे सरकवली.

(दृश्य : खिडकीतून पहाट. खाली पाळी बदलते आहे.)

बेस कंट्रोलर अजून आहे. त्यात कन्स्ट्रक्टर नाही. लॉगिन केलेल्या माणसाचा आयडी क्लेममधून (लॉगिनसोबत येणाऱ्या माहितीतून) काढून देणारी एक प्रॉपर्टी, बास.