डब्यातली रिकामी जागा

नमस्कार श्रोतेहो. फवारणीचे दिवस आहेत. पंपाला, ग्रास कटरला पेट्रोल लागतं आणि दर वेळी तालुक्याला कोण जाणार, म्हणून घरोघरी चार-पाच लिटर आणून ठेवलेलं असतं. कशात? कोल्ड्रिंकच्या बाटलीत, गोडेतेलाच्या कॅनमध्ये, एखाद्याकडे तर तणनाशकाच्या डब्यात.

पेट्रोल पेटतं असं आपण म्हणतो, पण पेटते ती त्याची वाफ. उणे 40 अंशांच्या आसपासही ती पेटण्याइतकी निघते. आपल्याकडची कडाक्याची थंडी तिच्या खिजगणतीतही नाही. शिवाय ती हवेपेक्षा तीन-चार पट जड. वर उडून न जाता ओसरीवरून, उंबऱ्यावरून सरपटत चुलीपर्यंत किंवा समईपर्यंत पोचते. डिझेल आणि रॉकेल त्या मानाने सोशीक. पण मे महिन्यात तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचाही भरवसा धरू नका.

म्हणून भांडं घेताना आधी बूच बघा. आतला वायसर चिरलेला असेल तर भांडं कितीही जाड असो, उपयोग नाही. 1934 चा पेट्रोलियम कायदाही घट्ट बुचाचाच आग्रह धरतो. विकायचं नसलेलं 30 लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं. मात्र धातूचं भांडं 25 लिटरपर्यंतचं, काचेचं किंवा चिनी मातीचं एक लिटरपर्यंतचंच. त्यात प्लॅस्टिकचं नाव नाही. आणि डिझेलसाठी जस्ताचा मुलामा दिलेला डबा नको, जस्तामुळे डिझेल खराब होऊन फिल्टर तुंबतो.

आपण ज्याला जेरीकॅन म्हणतो तो मूळचा जर्मन सैन्याचा, 1930 च्या दशकातला, 20 लिटरचा. इंग्रज सैनिक जर्मनांना ‘जेरी’ म्हणायचे, त्यावरून हे नाव पडलं. त्याची गंमत अशी, की 20 लिटर भरल्यावरही वर थोडी मोकळी जागा उरते. ती चूक नव्हे. सकाळी 20 अंशांना भरलेलं 20 लिटर पेट्रोल दुपारी 40 अंशांवर गेलं, की जवळपास 400 मिलिलिटरने फुगतं. साधा डबा गळ्यापर्यंत भरलात तर ते बुचातूनच वाट काढणार.

भरताना डबा गाडीवर किंवा मांडीवर धरू नका, जमिनीवर ठेवा आणि नोझल डब्याच्या तोंडाला टेकलेलं राहू द्या. वाहत्या पेट्रोलबरोबर स्थिर वीज साठते. धातूतून ती जमिनीत उतरते, प्लॅस्टिकवर तशीच राहते आणि एका ठिणगीचं काम करते.

पाण्याच्या बाटलीत रॉकेल ठेवणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, घरात पोरं असतात हो. एखाद्याने चुकून घोट घेतलाच, तर ओकारी काढायला लावू नका. ओकताना रॉकेल फुप्फुसात जातं आणि खरा घात तिथे होतो. तडक दवाखाना गाठा, बाटली सोबत न्या.

आता राहिला रिकामा ड्रम. जनावरांच्या पाण्यासाठी तो मधोमध कापून घ्यायची आपल्याकडे पद्धतच आहे. तळाशी तांब्याभर पेट्रोलही उरलेलं नसतं, पण आत वाफ आणि हवा नेमकी पेटण्याजोगी मिसळलेली असते. भरलेल्या ड्रमपेक्षा हा रिकामा जास्त फसवा. तुमचा वेल्डर असा ड्रम कापायला नाही म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्याला चहा पाजा. नमस्कार.